चलन भरावे की कोर्टात जावे?

पूर्वी शिट्टी वाजायची, पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि जे काही बोलायचे ते रस्त्यावरच बोलून व्हायचे. आता कॅमेरा फोटो टिपतो आणि मोबाईलवर संदेश येतो: अमुक क्रमांकाची गाडी, अमुक चौक, इतके रुपये दंड. चूक आपली होती की नव्हती, हे विचारायला समोर कोणीच नसते. मग रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, "भरून टाक रे, कशाला डोक्याला ताप!" दुसरा म्हणतो, "अजिबात भरू नकोस, लोकअदालतीत बघू." तिसऱ्याच्या ओळखीचा कोणीतरी साहेब असतोच. या तिन्ही सल्ल्यांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो, असे आम्हाला वाटते. ते खरोखर घडले होते का?

आधी थोडे कायद्याविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे किरकोळ गुन्ह्यांत ठरलेली रक्कम भरून तडजोड करता येते. रक्कम भरली की प्रकरण मिटते. भरायची नसेल तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते, आणि तेथे दाद मिळाली नाही तर प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे नेता येते. लोकअदालतीबद्दल मात्र आपल्यात फार गैरसमज आहे. तेथे तडजोड होते; खरे कोण आणि खोटे कोण याचा निवाडा होत नाही. "मी हे केलेच नाही" असे ज्याला म्हणायचे आहे, त्याची जागा ती नव्हे.

ज्याने सिग्नल तोडला आहे किंवा हेल्मेट घातले नव्हते, त्याचा प्रश्न खरे तर सोपा आहे. रात्री अकरा वाजता रस्ता मोकळा होता, हे कारण झाले; नकार नव्हे. वकील म्हणतील, कोर्टात "गुन्हा कबूल नाही" म्हणण्याचा अर्थ "सिद्ध करून दाखवा" एवढाच असतो, आणि आरोपीला कोणी शपथही घालत नाही. कायद्याने ते बरोबर आहे. ज्याचे स्वातंत्र्य किंवा घरदार पणाला लागले आहे, त्याने हा हक्क जरूर वापरावा. पण चौकात काय झाले हे आपल्याला नीट ठाऊक असताना, पाचशे-हजार रुपयांसाठी दंडाधिकाऱ्यांकडून आपल्या खोटेपणावर सही करून घ्यायची?

येथे एक बारीक मुद्दा येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी नियम केला, त्यात नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवावी असे म्हटले होते. नोटीस उशिरा आली, एवढ्यावरच चलन लढवावे का? "नोटीस वेळेत मिळाली नाही" असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. परंतु अशी मुदत घालण्याचे कारण पाहावे. महिनाभराने विचारले तर माणसाला त्या दिवसाची आठवण राहत नाही आणि स्वतःची बाजू मांडता येत नाही. ज्याला खरोखर आठवत नाही, त्याने हा मुद्दा निःसंकोच मांडावा. ज्याला सगळे लख्ख आठवते आहे, त्याचे त्या उशिराने काय बिघडले?

सर्वांत अवघड प्रसंग घरातला. चलन येते गाडीच्या मालकाच्या नावावर आणि गाडी नेलेली असते मुलाने. मुलगा सज्ञान असेल, परवाना असेल, तर दंड त्याने स्वतःच्या खिशातून भरावा. तेथे फार विचार नको. पण तो सोळा वर्षांचा असेल आणि क्लासला स्कूटर घेऊन गेला असेल तर? (पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, हे खरे, पण आपल्या अंगणातल्या पेट्रोलच्या स्कूटरी त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात.) २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालक दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अशा वेळी किरकोळ चलन निमूटपणे भरून टाकण्याची घाई होते. कोणी न विचारता पोलिसांकडे जाऊन मुलाचे नाव सांगावे, असे आम्ही म्हणणार नाही. कलम १३३ प्रमाणेसुद्धा चालकाची माहिती मागितल्यावरच मालकाने द्यायची असते. पण मागितली तर "मीच चालवत होतो" असे बापाने म्हणू नये. आणि स्कूटरची किल्ली त्याच दिवशी खुंटीवरून काढून कपाटात ठेवावी.

आता ज्याने काहीच केले नाही त्याचे पाहू. गाडी आपल्या अंगणात उभी आणि चलन दूरच्या शहरातले. फोटो उघडून पाहावा तर गाडीचा रंगच वेगळा. क्रमांकातला ३ कोणीतरी ८ वाचलेला. दोनशे-पाचशेचा प्रश्न असला की माणूस म्हणतो, कोर्टाच्या एका तारखेला यापेक्षा जास्त खर्च होईल. हिशेब चूक नाही. फुलांचे भारे घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठणाऱ्या आमच्या भगिनीला एक खाडा परवडत नाही. तिने पैसे भरले तर ती खोटे बोलली असे होत नाही; तिने फक्त आपला हक्क सोडला, आणि तो तिचाच होता. त्याची टोचणी तिने लावून घेऊ नये.

मात्र ज्याला भरपगारी रजा मिळते, ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याने पाचशे रुपयांसाठीसुद्धा भांडावे असे आमचे मत आहे. फिलिप्पै शहरात संत पौलाला आणि सीलाला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा पौल निघाला नाही. आपण रोमन नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. फटके तर खाऊन झाले होते. त्याला स्वतःला त्यातून काही मिळायचे नव्हते. पण त्या शहरात नुकतीच श्रद्धा स्वीकारलेली माणसे मागे राहणार होती, त्यांच्यावर हात टाकताना अधिकारी आता दोनदा विचार करणार होते. चुकीचे चलन रद्द करून घेणारा माणूस आपल्या परीने हेच करतो. तो गप्प राहिला तर खरा दोषी मोकळा सुटतो आणि चुकीचे वाचलेला तो क्रमांक पुन्हा आपल्याच दारी येतो.

तक्रार करताना आपल्या गाडीचा समोरून व मागून काढलेला फोटो, नोंदणीपुस्तकाची प्रत आणि त्या दिवशी गाडी कोठे होती याचा काही पुरावा जोडावा. कंपनीच्या पार्किंगची नोंद किंवा गॅरेजची पावती चालेल. चलनाचा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. आपल्या वाडीतल्या अनेक वडीलधाऱ्यांना मोबाईलवर हे जमत नाही आणि म्हणूनच ते दंड भरून मोकळे होतात. त्यांच्या घरी जाऊन तेवढा अर्ज भरून द्यायला कॉलेजातल्या मुलामुलींना संध्याकाळची दहा मिनिटे पुरतील.