घर कोणाचे?

गगनबावड्याच्या पावसात दरवर्षी कौले चाळून घेणाऱ्या आपल्या माणसांना घराचे मोल सांगावे लागत नाही. परंतु युद्धाने परागंदा झालेल्या मनुष्याचा घरावरील हक्क किती काळ टिकतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

या प्रश्नाची खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, आणि बहुसंख्य कॅथलिक होते. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधील घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानात नेले होते. युद्ध संपले, पण सरहद्दच सरकली व त्यांची गावे परमुलखात गेली. पुढे त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर.

‘झाले गेले विसरावे’ असे सांगणे सोपे आहे. पवित्र शास्त्र मात्र तसे सांगत नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, आठव्या अध्यायात, शुनेमची स्त्री दुष्काळामुळे सात वर्षे परदेशी राहून परतते आणि घरशेतासाठी राजाकडे दाद मागते. राजा तिला भिक्षा घालीत नाही. तो तिचे घरशेत परत देववितो, आणि मधल्या वर्षांचे उत्पन्नही देववितो. म्हणजे अनुपस्थितीने हक्क मरत नाही.

खरा पेच पुढेच आहे. त्या घरात आज राहणारा माणूसही निर्वासित असेल तर? पूर्वेकडून आलेल्या कित्येक पोलिश कुटुंबांना, हाकलून दिलेल्या जर्मनांच्याच घरांत वसविण्यात आले. एका निष्पापाचे अश्रू पुसण्यासाठी दुसऱ्याला रस्त्यावर काढणे हा न्याय नव्हे.

१९९२ ते १९९५ च्या यादवीनंतर बोस्नियाने यातून एक वाट काढली. डेटन कराराने विस्थापितांचा मूळ घरावरील हक्क मान्य केला, आणि सुमारे दोन लाख घरे परत देण्यात आली. तेथून उठणाऱ्या निराधारांना निवारा देण्याचा भार शासनावर होता. पोलंडने २००५ च्या कायद्याने पूर्वेकडील गमावलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या २० टक्के भरपाई ठरविली. तोवर साठ वर्षे लोटली होती आणि मूळ धनी बहुधा निवर्तले होते.

आमच्या मते क्रम असा असावा: शक्य तेथे घर, अशक्य तेथे योग्य भरपाई. पण दोहोंच्या आधी ‘हे तुमचे होते आणि ते अन्यायाने गेले’ एवढी कबुली हवी. तिला पैसा लागत नाही, तरीही तीच सर्वांत उशिरा मिळते. कबुलीवाचून दिलेले धन ही केवळ भीक ठरते. ज्याचे घर गेले त्याला भीक नको असते, न्याय हवा असतो.