यमाने आधी विचारलं



आजचं वाचन: कठोपनिषद, अध्याय १, वल्ली १.

गोष्ट आपल्या ओळखीची आहे. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला बसतात, पण देतात त्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. लहानग्या नचिकेताला ते खटकतं. मला कोणाला देणार, असं तो वडिलांना पुन्हा पुन्हा विचारतो. बाप चिडून म्हणतो, यमाला! मुलगा खरंच यमाच्या दारात जातो. यम घरी नसतो. तीन रात्री पोर उपाशी राहतं. यम परत आल्यावर त्याला तीन वर मागायला सांगतो.

एकाच वल्लीत दोन दाते आहेत. बाप देतो ते स्वतःला नकोसं झालेलं. यम देतो ते समोरच्याला विचारून. मृत्यूच्या घरी बसलेल्या मुलाला "तुला काय हवं?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो यमाने.

हे वाचताना आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर चाललेला वाद आठवला. मी इथे मांडवीत बसून काम करतो, टीम पुण्यात. दरवर्षी आम्ही थोडे पैसे जमवून एखाद्या संस्थेला देतो. या वेळी एकीने सुचवलं, गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेला देऊया. लगेच दुसऱ्याचं उत्तर आलं: "केमोला पैसे नाहीत आणि आपण सायकली वाटायच्या?"

प्रश्न सोपा नाही. या कामाची सुरुवात १९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात झाली. रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याला गणवेश शिवून दिला, हेलिकॉप्टरमधून फिरवलं. थोड्याच दिवसांत तो गेला. त्यातून 'मेक-अ-विश' उभी राहिली. आपल्याकडे १९९६ साली मुंबईत ती सुरू केली उदय आणि गीता जोशी या दांपत्याने. त्यांच्या आजारी मुलाची डिस्नेलँड बघायची इच्छा अमेरिकेतल्या संस्थेने पुरी केली होती. मुलगा राहिला नाही, पण तो आनंद दुसऱ्यांच्या मुलांना मिळावा म्हणून आईबाप उभे राहिले. २०१९ मध्ये मुलुंड पोलीस ठाण्यात एक सात वर्षांचा आजारी मुलगा एका दिवसाचा पोलीस निरीक्षक झाला. एकोणचाळीस वर्षांनी, तेच वय आणि तीच इच्छा!

आता दुसरी बाजू. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने पाच वर्षांच्या एका मुलासाठी दिवसभर 'बॅटमॅन'चं नाटक उभं केलं. त्यानंतर तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी लिहिलं की एका इच्छेला तिथे सरासरी साडेसात हजार डॉलर लागतात, तेवढ्यात मलेरियाच्या मच्छरदाण्या वाटल्या तर निदान दोन-तीन मुलांचे जीव वाचतील. मी इंजिनिअर माणूस. हा हिशोब मला खोडता येत नाही, आणि भावनेच्या भरात खोडूही नये. मच्छरदाणीविना झोपणाऱ्या मुलालाही इच्छा आहेच. त्याला जगायचंय.

पण हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की तुलना दोन मुलांमध्येच व्हायला हवी. का? एका ताटातला घास काढून दुसऱ्या ताटात टाकायचा, आणि आपलं ताट मात्र भरलेलंच? आमची टीम महिन्यातून एकदा हॉटेलात जेवते. ते बिल या तुलनेत कुठेच आलं नाही. उपचाराचे पैसे उपचारालाच जावेत. इच्छेचे पैसे आपल्या चैनीतून निघावेत. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं. दोन महिन्यांची पार्टी रद्द झाली, आणि दोन्हीकडे पैसे गेले.

गीतेत १७व्या अध्यायात (श्लोक २० ते २२) दानाचे प्रकार सांगितलेत. सात्त्विक दानाला स्थळ, वेळ आणि पात्र बघायला सांगितलंय, परतफेडीची अपेक्षा नको म्हटलंय. अनादराने दिलेलं ते तामस. आजारी मुलाच्या बाबतीत 'वेळ' हा शब्द फार जड आहे. पुढच्या दिवाळीला बघू, असं तिथे म्हणता येत नाही.

आणि आदर म्हणजे काय? आजारी मुलाचं सगळं दुसरे ठरवतात. कधी टोचायचं, काय खायचं, शाळा कधी बंद. आपल्याकडे कोणी मुंबईहून, टाटामधून उपचार घेऊन परत आलं की आपण शहाळी, मोसंबी घेऊन भेटायला जातो. मुलगा समोर बसलेला असतो आणि आपण आईला विचारतो, "डॉक्टर काय म्हणाले?" या संस्थांचे स्वयंसेवक मात्र मुलापाशी बसून त्यालाच विचारतात, तुझी इच्छा काय? मला वाटतं खरं दान तिथेच सुरू होतं, वस्तू नंतर येते.

आमच्या आळीतल्या एका मुलाला असं विचारलं, तर त्याला जेट्टीवर गरवायला जायचं होतं. बस्स! डॉक्टरांना विचारून, मास्क लावून बापाने नेलं. मासा एकही लागला नाही. पण दोन तास तो पेशंट नव्हता.

नचिकेताचा पहिला वर आठवतोय ना? वडिलांचं मन शांत होवो, त्यांचा राग जावो, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. यमाच्या घरात बसून पोराला काळजी बापाची! आजारी मुलं औषधापेक्षा आईबापांचे चेहरे जास्त वाचतात. तिसऱ्या वराला यमाने हत्ती, घोडे, सोनं, हवं तितकं आयुष्य असं बरंच पुढे केलं. मुलगा हलला नाही. शेवटी यमाने आपली निवड बाजूला ठेवली आणि त्याने मागितलं तेच दिलं.

आजचा संकल्प: देण्याआधी विचारीन. उत्तर येईपर्यंत थांबीन. आणि जे देईन ते दूध आटलेली गाय नसेल.

देवा, दवाखान्यात झोपलेल्या प्रत्येक लेकराजवळ आज कोणीतरी बसू दे, त्याचं ऐकू दे.

राम कृष्ण हरी.