डॉनीब्रुक

परवा एका संसदेतल्या हाणामारीची बातमी देताना इंग्रजी निवेदक सहज म्हणून गेला, 'डॉनीब्रुक झालं.' सरसकट, बेबंद मारामारीला इंग्रजीत हा शब्द रुळलेला आहे; आइस हॉकीतही तो सर्रास ऐकू येतो. मला बोचला, कारण डॉनीब्रुक हे गावाचं नाव आहे.

आयर्लंडमधल्या डब्लिनच्या दक्षिणेला, डॉडर नदीकाठचं हे एकेकाळचं गाव. 1204 मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने तिथल्या जत्रेला सनद दिली. घोड्यांचा बाजार, तंबू, नाच, व्हिस्की. आणि व्हिस्की चढली की काठ्या. साडेसहाशे वर्षं चाललेल्या जत्रेतून जगाने उचलल्या त्या फक्त काठ्या.

एका मित्राचं म्हणणं, शब्दाला त्याचं गाव विचारू नये. वापर हाच अर्थ. मला हे पटत नाही. मोडलेली शिस्त वेगळी आणि परक्याला न दिसणारी शिस्त वेगळी. आपला गोंधळच घ्या. चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पाजळायची, मग संबळ-तुणतुण्यावर एकेका दैवताला गावासकट नाव घेऊन आवतण. एखादं नाव राहिलं तर घरातली म्हातारी माणसं लगेच टोकतात. इतक्या काटेकोर विधीचं नाव आपण फलाटावरच्या रेटारेटीला देऊन बसलो.  ज्यांनी तो लांबूनच ऐकला, त्यांनी हा अर्थ चिकटवला असावा.

डॉनीब्रुकलाही इंग्रजांनीच डाग लावला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण जत्रा बंद पाडली ती डब्लिनकरांनीच. 1855 साली महापौरांच्या पुढाकाराने जत्रेचे हक्क 3,000 पौंडांना विकत घेतले गेले, ते ती मोडण्यासाठी. गावच्या कॅथलिक पाद्र्यानेही नेट लावला होता. देश महादुष्काळातून नुकता उठत होता. नवरा मजुरी तंबूत उडवून, डोकं फोडून घेऊन परतला, तर त्या बाईला जत्रेतली न दिसणारी शिस्त कोणत्या तोंडाने समजावायची? या शब्दात तिचीही साक्ष आहे. तो खोटा नाही.

मग संसदेला तो का लावू नये? जत्रेतली मारामारी दारूच्या, रागाच्या भरात पेटायची. सभागृहातली पुष्कळदा आदल्या बैठकीत ठरते: फलक कोणी फडकवायचे, राजदंडाकडे कोणी धावायचं. तिला डॉनीब्रुक म्हटलं की भडका आपोआप उडाल्यासारखा वाटतो, आणि ठरवणारे नामानिराळे राहतात.