एका विशेषणाची घसरण

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारे एक विशेषण आहे : ‘सिली’. सिली प्रश्न, सिली चूक, सिली मुलगा. क्रिकेटवेड्या मंडळींना ‘सिली पॉइंट’ आणि ‘सिली मिड-ऑन’ ही क्षेत्ररक्षणाची ठिकाणेही परिचयाची आहेत. फलंदाजाच्या इतक्या निकट उभे राहणे म्हणजे निव्वळ वेडेपणा, असा त्या नावातला भाव. या शब्दाचा अर्थ कोणालाही विचारला, तर मूर्ख, बावळट, पोरकट यापलीकडे उत्तर मिळणार नाही. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ ‘धन्य’ असा होता.

त्याचे जुने रूप ‘सॅलिग’. सुखी, भाग्यवंत, ईश्वरी आशीर्वाद लाभलेला, असा त्याचा आशय. या शब्दाचे सख्खे भावंड जर्मन भाषेत अद्याप मानाने नांदत आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने ज्यांना धन्य म्हटले, त्यांच्यासाठी जर्मन बायबलात ‘झेलिग’ हाच शब्द योजिला गेला. आणि ख्रिस्तसभा एखाद्याला ‘धन्यवादित’ म्हणून घोषित करते, त्या घोषणेचे जर्मन नावही त्यावरूनच बनले आहे. एक भाऊ वेदीवर चढला, दुसऱ्याच्या वाट्याला विदूषकाची टोपी आली.

ही घसरण एका दिवसात झाली नाही. धन्य तो निष्पाप, असे आधी मानले गेले. निष्पाप मनुष्य कोणाला अपाय करीत नाही; जो अपाय करीत नाही, त्याला अपाय करणे सोपे; ज्याला अपाय होतो, तो बिचारा; आणि जो पुन्हा पुन्हा बिचारा ठरतो, त्याला अक्कल नाही! सोळाव्या शतकापर्यंत हा शब्द दुबळ्या, अडाणी माणसांना आणि मुक्या मेंढरांना लावला जाऊ लागला होता. यातील कोणतीही एक पायरी पाहा, ती स्वाभाविकच वाटते. तळाशी पोहोचल्यावर मात्र आपण किती खाली आलो, याचे भान येते.

आम्हा मराठी भाषकांना इंग्रजांकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ‘महाभाग’ हा मूळचा थोर भाग्यवंताचा गौरव करणारा संस्कृत शब्द. आज आपण तो ज्याची फजिती सांगायची आहे, त्याला लावतो. ‘देवमाणूस’ म्हणताना आदर असतो खरा, पण ‘याला व्यवहारातले काही कळत नाही’ ही पुस्तीही पुष्कळदा मनातल्या मनात जोडलेली असते. उलट, इंग्रजीतला ‘नाइस’ हा शब्द ‘अजाण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. आरंभी मूर्ख असा अर्थ असलेला तो शब्द चढत चढत आज ‘छान’ होऊन बसला आहे! शब्दांच्या बाजारातही कोणाचा भाव वधारेल, हे सांगता येत नाही.

शब्दकोशातली ही गंमत आम्हांला अस्वस्थ करते, ती मात्र धर्मग्रामातील आईवडिलांमुळे. ‘फादर, आमचा मुलगा फार साधा आहे हो, या जगात त्याचा निभाव कसा लागणार?’ असे ते काळजीने विचारतात. शेजाऱ्याचा मुलगा चलाख आहे, हे सांगताना त्यांच्या स्वरात किंचित हेवा असतो. आम्ही त्या काळजीला हसत नाही. भोळ्या माणसाची जमीन दुसऱ्याच्या नावावर कशी होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आणि प्रभूनेही शिष्यांना पाठविताना कबुतरांच्या जोडीला सापांची आठवण करून दिली होती. मत्तयच्या दहाव्या अध्यायातील त्या वचनात कबुतरांसाठी जे ग्रीक विशेषण आहे, त्याचा मूळ अर्थ ‘भेसळ नसलेला’ असा आहे. पाणी न मिसळलेल्या द्राक्षारसाला ते लावीत. त्यात जगाविषयीच्या अज्ञानाची मुळीच अपेक्षा नाही. जग कसे चालते, हे पुरते ठाऊक असूनही मनात भेसळ होऊ न देणे, हे अजाण राहण्याहून वेगळे आहे, आणि कितीतरी अवघडही.

संत रॉबर्ट साउथवेल हे या दृष्टीने आम्हांला महत्त्वाचे वाटतात. येशूसंघाचे हे तरुण इंग्रज धर्मगुरू १५८६ साली रोमहून मायदेशी परतले. परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच राजद्रोह, असा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. त्यांना तो ठाऊक होता. सहा वर्षे लपूनछपून त्यांनी श्रद्धावंतांची सेवा केली. १५९२ मध्ये ते पकडले गेले, त्यांचा अमानुष छळ झाला आणि १५९५ साली लंडनच्या टायबर्न येथे त्यांना फाशी देण्यात आली. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

साउथवेल कवीही होते. त्यांच्या ख्रिस्तजन्मावरील एका कवितेत गोठ्यातल्या बाळ येशूला त्यांनी जे विशेषण लावले आहे, ते ‘सिली’ हेच. असहाय, निष्पाप, धन्य, असे सारे अर्थ त्या एका शब्दात तेव्हा अजून एकत्र नांदत होते. १९४२ साली बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने त्या कवितेला चाल दिली, आणि नाताळात मुलांचे गायकवृंद ती आजही गातात. तालमीच्या पहिल्या दिवशी तो शब्द आला की एखादे पोर फिसकन् हसत असणार, आणि गुरुजींना गाणे थांबवून त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत असणार.