चंद्र, सूर्य आणि गाढव

कोकणातला गधेगळ, म्हणजे दानलेख आणि शाप कोरलेला दगड, पाहताना नजर आधी माथ्यावर जाते. तिथे चंद्र आणि सूर्य. हे दोघे आहेत तोवर दान चालावे, अशी ग्वाही. मध्ये लेख. तळाशी गाढव, एका स्त्रीशी संग करताना कोरलेले. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ही शिवी.

स्कॉटलंडच्या पिक्ट लोकांनीही साधारण सहाव्या ते नवव्या शतकात दगडांवर बैल, गरुड, रानडुक्कर, सॅमन मासा कोरला. बर्गहेड इथल्या दगडावरच्या बैलाचा खांदा आता हलेल असे वाटते. मात्र या चित्रांचा अर्थ सांगणारे लिखाण उरलेले नाही, त्यामुळे अभ्यासकांची भिस्त तर्कावर. आपल्या गाढवाचा अर्थ बहुधा त्याच्या डोक्यावरच लिहिलेला असतो, आणि तो राजाला अवघड जागी पकडतो.

चंद्रसूर्यावर पुरता भरवसा असता तर खाली गाढव कशाला लागले असते? आपला हुकूम आपल्या हयातीपुरताच, हे राजा जाणून होता. उद्या गादीवर बसणाऱ्याला तो कोणत्या कायद्याने अडवणार? उरली फक्त लाज, आणि तीही निरक्षराला कळेल अशी. उरणजवळ चाणजे इथे सोमेश्वर या शिलाहार राजाचा शके ११८२ चा, म्हणजे १२६० च्या सुमाराचा दानलेख सापडला. ठाण्याच्या उत्तरेश्वर या देवाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. पुढच्या काही वर्षांतच महादेव या यादव राजाने शिलाहारांचे राज्य बुडवले.

राजाचा दिमाख दाखवायला आपल्याकडे सिंह, हत्ती, शरभ. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा कल्पित पशू हत्तींना पंजात दाबून धरतो. गाढवाच्या वाट्याला उजाडपण आणि अपमान. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण आजही सांगितली जाते. गधेगळावर तर जमीन लाटणार एक, आणि विटंबना त्याच्या आईची नि एका मुक्या जनावराची. या दोघांनी कोणाची वीतभरही जमीन घेतलेली नसते. उतरंडीत तळाशी कोण आहे, हे समाज असा नकळत दगडावर लिहून ठेवतो.

याच ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यात १९७० पासून सिडको या सरकारी महामंडळाने ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभारली. आता वचनाखाली शिक्का आणि सही असते. शिवी गेली, हे उत्तमच झाले. पण जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

चंद्रसूर्याने जे राखले नाही आणि गाढवालाही जे राखता आले नाही, ते थोडेफार राखले ते जाब विचारणाऱ्या माणसांनी. वचन घेणारा दुबळा असेल तर शापाला धार नसते, सहीलाही नसते. तो संघटित असेल, तर कोणाच्या आईला शिवी देण्याची गरज उरत नाही.