कारणाचा रकाना

सावकाश बसा. पाठ टेकली तरी चालेल.

कुणी जीव संपवला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. हवालदार येतात, शेजारपाजारचे पंच बोलावतात, पंचनामा होतो. कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, विचारतो ते मृत्यू कशाने झालेला दिसतो एवढंच. तरी ‘का’ लिहिलं जातंच, घरच्यांच्या जबाबात. ‘आजारपणाला कंटाळून.’ ‘घरगुती कारणावरून.’

तो जबाब डोळ्यांपुढे येऊ द्या. अंगणात प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पॅड धरलेले हवालदार, भिंतीशी उकिडवा बसलेला भाऊ. “काही टेन्शन होतं का त्याला?” भाऊ काहीतरी सांगतो, कारण काहीतरी सांगावंच लागतं. त्याच्यापाशी थोडं थांबा. बँकेची नोटीस, जुनी पोटदुखी, दारू, रात्ररात्रीची जागरणं, दिवाळीपासून बंद झालेलं बोलणं. यातलं एखादंच कागदावर उतरतं. बाकीचं भावाकडे राहतं.

असे कागद दिल्लीला पोचेपर्यंत त्यांची टक्केवारी होते. २०२२ साली देशभरात कौटुंबिक समस्या ३१.७, आजारपण १८.४. आपल्याकडे जीव संपवलेल्या शेतकऱ्याचं प्रकरण सरकारी मदतीसाठी समितीपुढे जातं. थकीत कर्ज, वसुलीचा तगादा, सगळं तपासून शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. सरकारी पैशाला पुरावा लागणार, हे मान्य. पण तोंडी उसनवारीचा कागद कुठून आणायचा? आणि ‘अपात्र’ हा शेरा त्या घरात वर्षानुवर्षं ऐकू येत राहतो.

आता तुमच्या ओळखीतलं असं एखादं माणूस आठवा. मन फार जड झालं तर इथेच थांबा, कुणाला तरी हाक मारा. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

त्या माणसाबद्दल तुमच्या मनातही एकच ओळ लिहिलेली असेल. ती खोडू नका, खरीही असेल. तिच्या खाली जागा सोडा. आणखी काय आठवतंय? कदाचित ती ओळ ‘मी तेव्हा फोन उचलला असता तर’ अशी असेल. तिच्याखाली तर जास्तच जागा सोडा.

आणि त्या घरी कधी गेलात, तर ‘कशावरून केलं?’ विचारू नका. तो कुणाची नक्कल करायचा, भाकरी कशाशी खायचा, ते विचारा.