उंबरठा ज्याचा, भार त्याचा

चाडच्या पूर्व सीमेवरचं आद्रे हे चाळीसेक हजार वस्तीचं गाव. सुदानातलं अल जिनेना तिथून जेमतेम 30 किलोमीटर. एप्रिल 2023मध्ये सुदानात लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, आणि काही महिन्यांत आद्रेत गावकऱ्यांपेक्षा निर्वासित कितीतरी जास्त झाले. त्यांतले बहुतेक मसालित. ही जमात सीमेच्या दोन्ही बाजूंना राहते, त्यामुळे पहिलं पाणी मिळालं ते गावकऱ्यांकडून. मदतीचे ट्रक मागाहून आले.

असं गाव मदतीच्या हिशेबात कुठे बसतं? बराच काळ कुठेच बसत नव्हतं. 1951चा निर्वासितविषयक करार युरोपातलं महायुद्ध डोळ्यांसमोर ठेवून झाला. आश्रयाचा भार काही देशांवर अवाजवी पडू शकतो, हे त्याच्या प्रस्तावनेत मान्य केलं आहे. तो भार वाटायचा कसा, याचं कलम मात्र नाही. आलेल्याला मागे ढकलायचं नाही, हे बंधन. शेजाऱ्याला पैसे द्यायचे की नाही, ही दात्याची मर्जी. सगळं दुखणं इथेच आहे, असं मला वाटतं.

भारतानंही हे अनुभवलं आहे. 1971 साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. बाहेरून मदत आली, पण खर्चाचा मोठा वाटा भारतानंच उचलला. त्यासाठी पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. जुन्या पाकिटांवर ते अजून दिसतं.

आफ्रिकी देशांनी भारवाटणीचा हा प्रश्न नेटानं लावून धरला. 1981 आणि 1984 साली जिनिव्हात परिषदा झाल्या. निर्वासितांना नुसता शिधा देऊन भागत नाही, यजमान भागातले रस्ते, दवाखाने, पाणी यांचाही विचार हवा, असं तिथे मांडलं गेलं. कागदावर पटलं, पैसा फारसा आला नाही. 1986मध्ये अभ्यासक बार्बरा हॅरेल-बाँड यांनी ‘इम्पोझिंग एड’ या पुस्तकात छावणीकेंद्री मदतीवरच बोट ठेवलं.

चाडमध्ये तर 2003पासून पश्चिम सुदानातल्या दारफूरचे निर्वासित आहेत. सरपणावरून स्थानिकांशी भांडणं झाली. छावणीतल्या शाळांत वर्षानुवर्षं सुदानचा अभ्यासक्रम चालला, कारण सगळे ‘लवकरच परतणार’ होते. 2014मध्ये चाडचा अभ्यासक्रम आला, तेव्हा पालकांना तो परतीची वाट बंद झाल्यासारखा वाटला. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

2018च्या जागतिक निर्वासित कराराने भारवाटणीचं तत्त्व एकदाचं ठळक मांडलं. पण तो बंधनकारक नाही. 2020च्या डिसेंबरात चाडनं निर्वासितांना काम करण्याचा, देशात कुठेही फिरण्याचा हक्क कायद्यानं दिला. जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक हे करतो, आणि दात्यांकडे दरवर्षी पुन्हा आवाहन करावं लागतं, तेही पुरतं भरत नाही. जागतिक बँकेनं 2017मध्ये यजमान देशांसाठी दोन अब्ज डॉलरांची वेगळी तरतूद केली, ती मात्र खरी पुढची पायरी. कर्जात फार बुडालेल्यांना ती अनुदान म्हणून मिळते. इतरांना त्यातली निम्मी रक्कम कर्जरूपानं. म्हणजे शेजाऱ्याच्या युद्धाचं कर्ज दार उघडणाऱ्यानं फेडायचं.